रविवारची गळती

नृसिंह धर्माधिकारींना कारखान्यात सगळे पाठीमागे ‘गळतीसाहेब’ म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. नगरच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात मशीन चालायची दाबलेल्या हवेवर, आणि ती हवा पुरवणारा कॉम्प्रेसर वीज खायचा अधाशासारखा. पाइपाला सुईएवढं भोक पडलं तरी हवा फुसफुसत निघून जाते अन् बिल फुगतं. एरवीच्या दणदणाटात ती फुसफुस कुणाला ऐकू येणार? म्हणून दर रविवारी, कारखाना बंद असताना, धर्माधिकारी नुसता कॉम्प्रेसर चालू करून पाइपांना कान लावत फिरायचे. सोबत वॉचमन छगन, साबणाच्या फेसाचा डबा घेऊन. जोडावर फेस लावायचा. बुडबुडा आला की चोर सापडला.

खरं सांगायचं तर चोर सापडायचे दिवस केव्हाच सरले होते. पण बायको, सुचित्राबाई, गेल्यापासून रविवारी घर त्यांना खायला उठायचं. मुलगा पुण्यात, फोनवर ‘जेवलात का’ विचारून मोकळा. माणसाला कुठंतरी जावं लागतंच, मग कारखाना काय वाईट?

अशात मालकांनी वीज कुठे जाते ते मोजायला रुचा नावाची इंजिनिअर आणली. तिनं प्रत्येक मशीनला वेगळा मीटर बसवला आणि काही आठवड्यांनी धर्माधिकारींपुढे येऊन बसली.

“सर, गळती जवळपास नाहीच. कमाल केलीत तुम्ही. पण ती शोधायला रविवारी कॉम्प्रेसर चालतो ना, त्यालाच जास्त वीज लागते. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला! या रविवारी पुन्हा मोजू. असंच दिसलं, तर पुढे सुट्टीला मेन स्विचच बंद.”

पोरीचं काही चुकत नव्हतं, हेच तर वाईट होतं.

त्या रविवारी छगनला फेस करायला धाडून धर्माधिकारींनी पाना उचलला आणि जन्मात केलं नव्हतं ते केलं. चांगला घट्ट जोड सैल केला. हवा सुटली. आता गळती दिसणार, रविवार वाचणार! पण तो आवाज त्यांना सोसेना. स्वतःचीच लाज वाटली. छगन परत यायच्या आत त्यांनी जोड आवळून टाकला.

सोमवारी रुचा गोंधळलेली. “सर, मध्येच गळती वाढली नि आपोआप थांबली. मीटर बिघडलाय का?”

हो म्हटलं असतं तर आणखी एखादा रविवार पदरात पडला असता.

“मीटर ठीक आहे,” ते म्हणाले. “मीच जोड सैल केला होता. मला रविवारी घरी बसवत नाही गं.”

रुचानं अहवालाचा कागद पुढे ओढला. मग हळूच म्हणाली, “काय लिहू, सर?”

“आहे ते लिही.”

पुढच्या रविवारी ते घरात या खोलीतून त्या खोलीत करत राहिले. दुपारी फोन वाजला. छगन होता.

“साहेब, मेन बंद केलाय बरं का.”

“बरं.”

“लई सुनं वाटतंय हितं.” छगन घुटमळला. “आज चा बी न्हाई टाकला. एकट्यापुरता कशाला टाकायचा?”

आपल्यापायी याला सुट्टीतही राबावं लागतं, म्हणून धर्माधिकारी आजवर मनात ओशाळत आले होते. हाही आपली वाट बघत असेल, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

“टाक,” ते स्वयंपाकघराकडे जात म्हणाले. “मीपण टाकतो. फोन ठेवू नकोस.”