वाऱ्याचा धडा

"हा धडा छापता येणार नाही," असं म्हणून परशुराम गुरुजींनी अनुसयेचे तीन कागद टेबलावर पालथे घातले.

बेटाच्या मधोमध असलेल्या क्युरपिप शहरातल्या कचेरीत मराठीच्या नव्या पाठ्यपुस्तकाची समिती बसली होती. माणसं सात, आणि दाराशी ओल्या छत्र्याही सात. साल १९७७, महिना जुलै. तोवर बेटावरची मराठी मुलं समुद्रापलीकडून, भारतातून आलेली पुस्तकं वाचत आली होती. आता इथल्या मुलांसाठी इथेच पुस्तक लिहायचं ठरलं होतं. त्या कल्पनेनेच अनुसया महिनाभर भारावलेली होती. बेटाच्या दक्षिणेकडच्या सुरिनाम गावच्या प्राथमिक शाळेत ती रोज अर्धा तास मराठी शिकवायची. समितीत सगळ्यांत धाकटी तीच.

तिने धडा लिहिला होता तो वादळाचा. रेडिओवर तीन नंबरचा इशारा होतो, आई मेणबत्त्या शोधते, बाप खिडक्यांवर फळ्या ठोकतो आणि मुलीला ओरडून सांगतो, "वारा उठलाय गो बाय, दारां लावून घे." हे वाक्य तिच्या स्वतःच्या वडिलांचं, नंदलालचं. जन्मभर ऊस तोडलेला तो माणूस असाच बोलायचा.

गुरुजींचा आक्षेप नेमका त्या वाक्यावर होता. ते दोन वर्षं पुण्यात शिकून आलेले, बेटावर त्यांचं मराठी प्रमाण मानलं जायचं. 'दारां' कुठल्या व्याकरणात बसतं, त्यांनी विचारलं. मुलं घरी असलंच बोलतात. शाळेतही तेच शिकवायचं असेल तर शाळा हवी कशाला?

गप्प बसायचं असं अनुसया ठरवून आली होती. पण शब्द आपोआप बाहेर पडले. ती म्हणाली, जुन्या पुस्तकातला 'विहिरीवरची मोट' हा धडा ती आठ वर्षं शिकवते आहे. दर वर्षी मुलं विचारतात, मोट म्हणजे काय, आणि दर वर्षी ती फळ्यावर चित्र काढते.

"पण गुरुजी, मी मोट कधी पाहिलेलीच नाही. मी एक बादली काढते आणि तिच्यापुढे बैल काढते."

कोणीतरी खुदकन हसलं.

"इथे कोणी पाहिली असेल तर सांगा. या वर्षी तरी नीट काढीन."

सगळ्यांच्या माना गुरुजींकडे वळल्या. गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला.

"मी शहरात वसतिगृहात राहिलो," ते शेवटी म्हणाले. "मीही नाही पाहिली."

मग मात्र सगळेच हसले, गुरुजीसुद्धा. तरी ते इतक्यावर मानणारे नव्हते. धडा आधी वर्गात ऐकीन, मग बोलेन, असं त्यांनी बजावलं.

गुरुवारी ते खरंच सुरिनामला आले आणि मागच्या बाकावर ताठ बसले. अनुसयेने वाचायला सुरुवात केली. फळ्या ठोकायचा भाग आला आणि पहिला हात वर झाला. "मो कॉन सा, मिस!" हे मला ठाऊक आहे, असं क्रिओल या बेटावरच्या बोलीत ओरडूनच मुलगी मराठीवर आली. तिच्या घराचा पत्रा उडून चर्चच्या अंगणात पडला होता. तेवढ्यात दुसरा हात, पाठोपाठ पाच. कोणाची बकरी पलंगाखाली ठेवलेली, कोणाची आजी देवाच्या तसबिरी छातीशी धरून बसलेली. निम्मे शब्द क्रिओल, निम्मे मराठी, पण एरवी तोंड न उघडणारी पोरं उभी राहून बोलत होती. 'दारां' म्हणजे काय, हे एकानेही विचारलं नाही.

गुरुजींनी घसा साफ केला. अनुसयेला वाटलं, आता रागावतात.

"पंच्याहत्तरच्या वादळात," ते म्हणाले, "मी दोन तास दाराला पाठ लावून उभा होतो. बायको म्हणत होती, बसा. पण बसलो असतो तर दार गेलं असतं." घंटा झालेली कोणाच्या लक्षातही आली नाही.

जाता जाता त्यांनी तिच्या कागदांवरच्या ऱ्हस्वदीर्घाच्या अकरा चुका दुरुस्त केल्या. बापाच्या वाक्यापुढे समासात लिहिलं, 'हे असेच ठेवावे.'

एकोणऐंशीच्या जानेवारीत पुस्तक आलं. शाईचा वास जायच्या आत अनुसया ते घेऊन वडिलांकडे धावली. नंदलालला अक्षरओळख नव्हती. तिने धडा वाचून दाखवला. आपलं वाक्य कुठे छापलंय ते त्याने दाखवायला लावलं, त्यावर बोट ठेवलं, आणि दुसऱ्या गावची पोरंही हे वाचणार का, असं दोनदा विचारलं. मग जरा विचार करून म्हणाला, "वारा त्या दिशी समुद्राकडनं होता. ता लिवायचा ऱ्हायला."

पुढे दहा वर्षं तो धडा मुलांनी वाचला. ती दहा वर्षं सरायच्या आतच नंदलाल गेला.

अठ्ठ्याऐंशीत पुस्तक पुन्हा बदलायला निघालं, तेव्हा समितीत सगळ्यांत वडीलधारी अनुसयाच होती. सगळ्यांत धाकटी कुंती, तिचीच सुरिनामची विद्यार्थिनी, आता उत्तरेला प्लेन दे पपाय गावच्या शाळेत शिकवत होती. कुंतीचं म्हणणं होतं की आता घरी कोणी मराठी बोलत नाही. लांब धडे मुलं परीक्षेपुरते पाठ करतात. आधी त्यांना बोलू द्यावं, खेळातून, छोट्या वाक्यांतून. धडे नंतर.

"मिस, तुमचा धडा वाचूनच मी शिक्षिका झाले," ती म्हणाली. "पण माझ्या वर्गात तो कोणाला कळत नाही."

अनुसया दोन बैठका हटून बसली. घराने सोडलं म्हणून शाळेनेही सोडायचं का, असं तिने पुन्हा पुन्हा विचारलं. तिसऱ्या बैठकीआधी तिने रजा काढली आणि तीन बस बदलून बेटाच्या दुसऱ्या टोकाला गेली. त्या महिन्यात धडा वगळायच्या कागदावर पहिली सही तिचीच झाली. पण ते नंतर.

त्या सकाळी कुंतीच्या वर्गात बाकं दोन रांगांत लावून मुलांनी बस केली होती. पुढे एक मुलगी जेवणाची ताटली धरून वळणं घेत होती. "मला क्युरपिपला जायचंय!" "माझा आई पण येते!" "लवकर चला, शाळा सुटेल!" 'माझा आई' ऐकून अनुसयेच्या जिभेवर दुरुस्ती आली होती. कुंतीने मात्र ते तसंच जाऊ दिलं. गोंगाट इतका की शेजारच्या वर्गाची बाई दारात येऊन बघून गेली. एकही मूल क्रिओलकडे वळत नव्हतं. शब्द सापडला नाही तर मुलं हातवारे करत होती, एकमेकांना विचारत होती, पण मराठीतच.

अनुसया भिंतीला टेकून उभी होती. तिच्या गालांवर खिडकीतलं ऊन आलं होतं.

कंडक्टर झालेली मुलगी तिच्यापुढे येऊन थांबली. शब्द जुळवायला तिला क्षणभर वेळ लागला.

"तुम्ही उभ्या का, मिस? बसा. जागा आहे."

मागच्या बाकावरच्या दोघी सरकल्या. अनुसयेने पिशवी मांडीवर घेतली, गुडघे आवळून त्या बुटक्या बाकावर बसली आणि बाकीच्यांसारखीच खिडकीबाहेर पाहू लागली. बस सुरू झाली होती.