गिरीधरअण्णांची खानावळ

शहराचा आत्मा मॉलमध्ये नसतो, काचेच्या इमारतींत नसतो. तो जुन्या पेठेच्या बोळांत असतो, आणि जो भुकेला होऊन येतो त्यालाच भेटतो. अजित सबनीसने हे वाक्य सर्जापूर रोडवरच्या आपल्या फ्लॅटच्या गॅलरीत, कपडे वाळत घालता घालता मोबाइलवर लिहिलं, तेव्हा तो बेंगळुरूच्या जुन्या पेठेत एकूण दोनदा गेला होता. त्यातलं एकदा मेट्रोत झोप लागली म्हणून.

बेळ्ळंदूरच्या कंपनीने त्याला नव्या संधींसाठी मोकळं केलं, त्याला आता वर्ष होत आलं होतं. नव्या संधींनी मात्र त्याचं वय विचारून फोन ठेवला. मग त्याने ‘लपलेलं बेंगळुरू’ सुरू केलं. दर रविवारी सर्जापूर रोडवरच्या लोकांना चिकपेटच्या गल्ल्यांत न्यायचं आणि अशा जागा दाखवायच्या, की ज्या लपलेल्या आहेत हे तिथे राहणाऱ्यांनाही माहीत नसतं. सुरुवातीला सोसायटीतले शेजारी आले, दयेपोटी. शेजाऱ्यांची दया साधारण दोन रविवार टिकते.

नागपुरात त्याच्या बायकोच्या, सुचेताच्या, भावाचं टाइल्सचं मोठं शोरूम होतं. “भाऊजींना बाथरूम सेक्शन देऊ,” असं तो म्हणाला होता. मनापासून म्हणाला होता, तेच वाईट होतं.

“सिद्धीचा शाळेचा दाखला मागायचा तर आत्ताच मागावा लागेल,” सुचेता लेकीबद्दल म्हणायची. भांडणाच्या सुरात नाही, गॅसचा नंबर लावायला सांगावा तशी. अजितला रात्री स्वप्नात कमोड दिसू लागले होते. रांगेने मांडलेले, प्रत्येकावर सवलतीचं लेबल.

अशाच एका रविवारी कुणीच आलं नाही. अजित अॅव्हेन्यू रोडच्या मागच्या बोळातून एकटाच, उपाशीपोटी चालला होता. एका घरासमोर चपलांचा ढीग दिसला. पाटी नाही, बोर्ड नाही. आत जमिनीवर केळीच्या पानांची पंगत मांडलेली. तो दारात घुटमळला तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, “या अण्णा, बसा बसा.” तो बसला.

वडे, खीर, आमसुलाची चटणी, भोपळ्याची भाजी. वाढणारे थांबत नव्हते. भिंतीवर एका वृद्ध गृहस्थांचा फोटो होता, ताजा हार घातलेला, खाली उदबत्ती. प्रत्येक जुन्या खानावळीत गल्ल्यामागे संस्थापकांचा असा फोटो असतोच. कुणी बोलत नव्हतं. चव अशी असली की माणूस बोलत नाही, हे अजितच्या लक्षात आलं. आतल्या दाराशी दोन बायका डोळे पुसत होत्या. फोडणी सणसणीत असणार. त्याचेही डोळे भरून आले. किती दिवसांत त्याला कुणी आग्रह करून वाढलं नव्हतं.

हात धुऊन त्याने खिशात हात घातला, तर डोक्याचा तुळतुळीत गोटा केलेल्या एका साठीच्या गृहस्थांनी हात जोडले. “पैसे कशाला ओ? आमच्या अण्णांच्या नावानं जेवलात, तेवढं बास.”

त्या रात्री अजितने लिहिलं: “ना पाटी, ना मेन्यू, ना बिल. संस्थापक अण्णांचं तत्त्व त्यांच्या मुलाने आजही जपलंय. अन्नात केस पडू नये म्हणून मालक स्वतः मुंडण करतात!” खाली नकाशा जोडला.

ही पोस्ट त्याच्या आयुष्यातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त लोकांना आवडली. मंगळवारी बेळ्ळंदूरच्या एका मोठ्या कंपनीतून शाल्मली नावाच्या एचआरवालीचा फोन आला.

“सर, आमच्या टीमला काहीतरी ऑथेंटिक हवंय. एस्केप रूम झाली, पॉटरी झाली. हे क्लिक झालं ना, तर वर्षभर दर महिन्याला एक बॅच तुमच्याकडे. या संडेला येतो आम्ही, लंच तिथेच.”

सुचेताने नागपूरला कळवलं, रविवारपर्यंत थांब. अजितने ते भिंतीआडून ऐकलं आणि बऱ्याच दिवसांनी दाढी केली.

बुधवारी तो पंगत सांगायला पेठेत गेला. दारात चपला नव्हत्या. घरच्या सुनेने, शिल्पाश्रीने, दार उघडलं. अजितने ओळख सांगताच तिने आत सासऱ्यांना हाक मारली, “मावा, ते आलेत बघा, मोबाइलवाले. काल दोघं येऊन मेन्यू मागून गेले ना, त्यांना धाडणारे.”

ते बाहेर आले. डोक्यावर आता खुंट उगवले होते. नाव गुंडूराव, जरीचं दुकान.

“रविवारची वीसेक पानं सांगायची होती,” अजित म्हणाला.

“कसली पानं?”

“जेवणाची. तुमच्या खानावळीत.”

गुंडूरावांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. “तेरावं होतं ओ त्या दिवशी. आमच्या वडलांचं. गिरीधरअण्णांचं.”

अजितने भिंतीवर पाहिलं. संस्थापक तिथेच होते.

“मग मला कुणी उठवलं का नाही?”

“तुम्ही रडत होता की. मला वाटलं, अण्णांच्या जवळचं कुणीतरी असणार. आमच्यात कुणी एवढं रडलं नाही.”

सभ्य माणूस इथे क्षमा मागून निघाला असता. अजितला नागपूर दिसत होतं. “येत्या रविवारी,” तो म्हणाला, “तसंच पुन्हा काही होण्यासारखं आहे का?”

“त्याला कुणीतरी जावं लागतं.”

कोपऱ्यातल्या खुर्चीत गुंडूरावांची आई, लक्ष्मीदेवी, बसली होती. “आता माझाच नंबर आहे बाळा,” ती म्हणाली. “पण रविवारपर्यंत जमेल असं वाटत नाही.”

तिथे अजितचा बांध फुटला. तो खालीच बसला आणि नोकरी, शोरूम, सिद्धीचा दाखला, कमोड, सगळं बोलला.

“स्वल्प पाणी दे ग त्याला,” लक्ष्मीदेवी नातसुनेला म्हणाली. मग मुलाकडे वळली. “बसू दे रे पंगत. अण्णांना माणसं जेवलेली बघायला आवडायचं.”

“अगं अम्मा, पण...”

“पण काय? मेल्यावर तरी त्यांचं ऐक. स्वयंपाक मात्र माझ्याच्यानं होत नाही बाळा. त्या दिवशीही केटरर दत्तानं केलेला. बोम्मसंद्र्याहून आणतो तो, टेम्पोतून.”

अजितने बाहेर येऊन दत्ताला फोन लावला. मागे कारखान्याचा भोंगा वाजत होता.

“तेच सगळं? वडे, खीर? अरेरे, आता कोण गेलं?”

“कुणी नाही.”

“मग?”

“ऑफिसची माणसं आहेत.”

“सरी, चालेल,” दत्ता म्हणाला. त्याच्या धंद्यात फरक पडत नसावा.

गुंडूराव सगळ्याला तयार झाले. फक्त पुन्हा गोटा करायला नाही म्हणाले. “त्याला कारण लागतं ओ.” शेवटी टोपीवर तडजोड झाली.

रविवारी बसमधून टीम उतरली. अजितने त्यांना मुद्दाम लांबच्या बोळांतून फिरवलं, म्हणजे भूक लागेल. भूक लागलेल्या माणसाला आत्मा लवकर भेटतो, हा आता त्याचा एकमेव सिद्धान्त उरला होता. दाराशी चपलांचा ढीग झाला, अगदी तसाच. शाल्मलीने त्याचा फोटो काढला. “सो रॉ,” ती म्हणाली.

पानं वाढली गेली. तेवढ्यात अजितच्या खिशात फोन थरथरला. सुचेता: “शाळेने विचारलंय. दाखल्याचं काय सांगू?” तो भिंतीला टेकून, संस्थापकांच्या शेजारी उभा राहिला आणि आपण हात जोडलेत हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. अण्णा, तुमच्या तेराव्याला एवढा रडलोय. एवढी एक बॅच पार पाडा.

मल्हार नावाच्या एका इंजिनिअरने वडा मोडला, चावला आणि शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजाऱ्याने त्याच्याकडे पाहिलं. शाल्मलीने खिरीचा एक घोट घेतला आणि डोळे मिटले. हळूहळू सगळी पंगत गप्प झाली. अजितने फोन खिशात टाकला. हीच ती शांतता.

शाल्मलीने डोळे उघडले. “आजी, हे तुम्ही केलंत?”

लक्ष्मीदेवी आजवर खोटं बोलली नव्हती आणि या वयात ते शिकायचा तिचा विचार नव्हता. “नाही ग बाळ. दत्ताचं आहे. बोम्मसंद्र्याहून येतं.”

“तरीच,” मल्हार म्हणाला.

शाल्मलीने चमचा पानावर ठेवला.

बेळ्ळंदूरच्या त्यांच्या ऑफिसचं कँटीनही दत्ताच चालवायचा. तिथे हेच जेवण दर गुरुवारी असायचं.