हंड्यातला थर

तीनदा चालवला प्रोग्रॅम, तिन्ही वेळा तेच उत्तर. चौथ्यांदा भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा घेऊन गेले तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीतला माणूस वैतागला. "बाई, मशीन खोटं बोलत नाही. तुमची कार्डंच चुकली असतील." कार्डं मीच पंच केली होती, त्यामुळे राग आला. पण खरं सांगते, ती चुकलेलीच असावीत असं मला मनापासून वाटत होतं.

औरंगाबादचं विद्यापीठ, शहाऐंशीचा उन्हाळा. आमच्या सरांचं संशोधन ऐकायला अवघड आणि समजायला सोपं होतं. पाणी तापलं की त्यातला चुना भांड्याला बसतो, आणि बसता बसता पाण्यातलं आणखी काहीबाही कणाकणानं स्वतःत ओढून घेतो. पाण्यात फ्लोराइड अमुक इतकं असेल तर चुन्याच्या थरात किती अडकेल, आणि उलट थरावरून पाण्यात किती असेल, याचं गणित आमचा प्रोग्रॅम मांडायचा. पडताळ्याला खरे थर लागत. मी आमच्या घरचाच आणला, आईच्या आंघोळीच्या हंड्यातून खरवडून. तुलनेला म्हणून गावातल्या शरणम्माआज्जींच्या हंड्यातलाही आणला. त्यांच्याकडे गावच्या आडाचं पाणी आणि आमच्याकडे हापशाचं.

या हापशाचा आम्हाला केवढा तोरा होता. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या बायका त्या आडापासून दहा हात लांब उभ्या राहायच्या, कुणी घागरीत ओतेल याची वाट बघत. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कळंबला तहसीलीत खेटे घालून घालून त्र्याहत्तरला बौद्धवाड्यात बोअर पाडून घेतली. पाणी लागलं त्या दिवशी वाड्यानं ठरवलं, आता आडाकडे पाऊल वळवायचं नाही. पुढे आड सगळ्यांना खुला झाला, तरी आमच्यातलं कुणी गेलं नाही. आमच्याकडे बारशाला बाळाच्या जिभेवर आधी हापशाच्या पाण्याचा थेंब ठेवायचे. माझ्या बहिणीच्या लेकीला, चांगुणाला, तो मीच ठेवला होता. ती तेव्हा आठ वर्षांची होती, आमच्या वाड्यातच वाढलेली.

शरणम्मांच्या थराचं उत्तर लिटरला एक मिलिग्रॅमच्याही आत आलं. आमच्या थराचं आलं सहा. दीडच्या वर गेलं की हाडांना आणि दातांना धोका, हे मला तोंडपाठ होतं. घरून आणलेला हापशाच्या पाण्याचा कॅन होस्टेलवर होता, कारण मला शहरातलं पाणी मानवत नव्हतं. तो प्रयोगशाळेत नेऊन तपासला. पाच पूर्णांक आठ.

मी तिथंच स्टुलावर बसले. आबा पन्नाशीतच वाकल्या गुडघ्यांनी काठी टेकत होते, मान वळवायची तर सगळं अंग वळवत होते. वाड्यातल्या पोरांचे दात तपकिरी, आणि आम्ही त्यांना घासत नाही म्हणून धपाटे घालत होतो. तेरा वर्षं आम्ही हे स्वतःच्या हातानं पाजत होतो. मला स्वतःचीच किळस आली.

दुसऱ्या दिवशीच्या एस्टीनं घरी गेले. हापशावर अर्धं गाव रांगेत होतं, शरणम्मासुद्धा. पावसानं सलग दगा दिला होता, आड तळाला गेला होता. रांगेच्या तोंडाशी आबा उभे होते, कुणाची घागर रिकामी जाऊ नये म्हणून.

"बघ बाई," मला बघून ते हसले, "गाव आलंय आपल्या दारात. एकालाबी न्हाय म्हनलो न्हाय म्या."

त्यांना घरात नेलं आणि सगळं सांगितलं.

"यंत्र चुकलं असंल," ते म्हणाले.

"मी पाणीच तपासलंय, आबा."

"आन् आडाचं?"

"ते चांगलं आहे."

 आबा काठी घेऊन उठले, बाहेर आले आणि रांगेला म्हणाले, "हे पाणी धुन्याभांड्याला न्या. प्यायला न्हाय. प्यायला आडाचंच घ्या, तांब्याभर मिळंना का. आमीबी तेच घेनार."

कुणी हललं नाही. शरणम्मा शांतपणे म्हणाल्या, "श्रीपतीराव, इतक्या वर्सांनी उट्टं काढताय व्हय? आडात चिखल हाय, ठावं हाय तुमाला."

आबांचा चेहरा उतरला. असं कुणी त्यांना म्हणेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. मी पुढे होऊन मिलिग्रॅम, चुना, कॉम्प्युटर असं बरळायला लागले. आबांनी मला हातानं थांबवलं आणि वाड्यातल्या पोरांना हाक मारली. दहाबारा पोरं धावत आली.

"रांगेत ऱ्हावा. तोंडं उघडा. आज्जीला दात दावा."

चांगुणानं सगळ्यात आधी आ केला. तिला हा खेळ वाटला. शरणम्मा वाकून एकेका तोंडात बघत गेल्या. चौथ्या पोरापाशी त्या थबकल्या, मागं वळून आबांच्या गुडघ्यांकडे बघितलं, आणि कमरेवरची भरलेली घागर तिथंच मातीत पालथी केली. रांगेतल्या बायका एकेक करून आपापल्या घागरी ओतायला लागल्या. आबा त्या वाहत्या पाण्याकडे बघत होते. त्यांना पुरे म्हणायचं सुचलं नाही, म्हणून पोरं तशीच उभी होती, उन्हात, तोंडं उघडी ठेवून.