बोक्याचा बोगदा

कुत्र्याचं नाव बोक्या. आता कुत्र्याला कोणी बोक्या म्हणतं का? पण मावशींचा मुलगाच तसला, उफराट्या डोक्याचा. पिल्लू आणलं त्यानं, नाव ठेवलं त्यानं, आणि आठ महिन्यांपूर्वी आईशी कडाक्याचं भांडून घर सोडलं तेही त्यानंच. त्यानंतर ना फोन, ना निरोप. कुत्रं तेवढं आईच्या गळ्यात पडलं.

मावशी इस्पितळाच्या धुलाईखात्यात कामाला. दिवसभर वाफेच्या इस्त्रीखाली चादरी सरकवायच्या आणि संध्याकाळी घरी यावं, तर बोक्या पलंगाखाली. पोरगा गेल्यापासून त्यानं धसकाच घेतला होता. जिन्यात पाऊल वाजलं की थरथरायचा, जवळ कोणी आलं की दात दाखवायचा. एकदा तर इमारतीच्या सेक्रेटरींची पोटरीच धरली. सेक्रेटरी माणूस भला, पण पोटरी त्यांची होती ना! म्हणाले, "मावशी, महिनाभर बघतो. सुधारला तर ठीक, नाहीतर त्याला कुठंतरी सोडून यावं लागेल." घरात दुसरं श्वास घेणारं होतंच कोण?

म्हणून त्या दर रविवारी मैदानावर जाऊ लागल्या. तिथं पोलिसांतून निवृत्त झालेले एक मास्तर कुत्र्यांकडून कसरत करून घेत. आडव्या काठीवरून उडी, झुलत्या फळीवरून चाल, शेवटी कापडाचा लांब बोगदा. मावशींना आधी ही नसती उठाठेव वाटली.

"भित्रं कुत्रंच चावतं, मावशी," मास्तर म्हणाले. "एक फळी पार केली की त्याला कळतं, आपल्याला जमतं. मग ते कशालाही बिचकत नाही. शिवाय अंगातली रग उड्यांत जिरते, आणि तुमच्याकडे बघायची सवय लागते ती वेगळीच."

आणि खरंच, तिसऱ्या रविवारी बोक्या शेपटी वर करून फळीवरून उतरला. त्या संध्याकाळी पलंगाखाली न जाता चक्क दाराशी पसरला. जिन्यात पाऊल वाजलं, तर नुसता कान हलवला.

घोडं अडलं ते बोगद्यापाशी. मास्तर सांगायचे, "तोंडाशी उभं करा आणि म्हणा, जा." मावशी म्हणायच्या, "जाऊन ये, राजा." बोक्याच्या कानात राहायचं ते शेवटचं 'ये'. आत डोकं घालायचा आणि गर्रकन वळून मावशींच्या पायाशी हजर. दहादा केलं, दहादा तेच.

"अहो, नुसतं जा म्हणा की."

"घरातल्याला नुसतं जा म्हणू नये, मास्तर."

"कुत्र्याला काय कळतंय त्यातलं?"

"त्याला नाही. मला कळतं."

चौथ्या रविवारी सेक्रेटरी स्वतः आले आणि कुंपणापाशी उभे राहिले, जरा लांबच. महिना संपला होता. बोक्यानं काठ्या ओलांडल्या, फळी उतरला, आणि बोगद्यापाशी थांबून मावशींकडे बघू लागला.

मावशींच्या तोंडून 'जा' काही निघेना. तो शब्द त्यांनी शेवटचा उच्चारला होता घराच्या दारात, रागाच्या भरात. जायचं तर जा. पोरानं उभ्या जन्मात आईचं कधी ऐकलं नाही, तेवढं मात्र ऐकलं.

मास्तर जवळ आले. हळूच म्हणाले, "जा म्हणा, आणि लगेच पलीकडच्या टोकाला पोचून 'ये' म्हणा. तिथून हाक आली की येतो तो."

"जा," मावशी म्हणाल्या. बोक्या आत शिरला. कापड हलायला लागलं तशा मावशी चपला तिथंच टाकून धावल्या आणि दुसऱ्या टोकाशी गुडघ्यांवर बसल्या.

"ये."

बोक्या बाहेर आला तो थेट त्यांच्या छातीवर. मावशी मागे कलंडल्या, पण त्याला सोडलं नाही.

"राहू द्या हो तुमचा बोक्या," सेक्रेटरी कुंपणापलीकडून म्हणाले आणि निघाले.

मावशींनी मान हलवली. उठल्या मात्र नाहीत. मास्तरांनी हात पुढे केला, तेव्हा दिसलं, बाईंच्या डोळ्यांना धार लागलेली.

"आता कशाला रडताय? जमलं की त्याला."

"पोराला मी नुसतं जा म्हटलं, मास्तर," मावशी म्हणाल्या. "पलीकडच्या टोकाला गेलेच नाही."