कोऱ्या तारखेचा राजीनामा

उंबरखळच्या शाळेत नोकरी लागली की मास्तरानं दोन कागदांवर सही करायची, अशी रीत होती. पहिला कागद रुजू झाल्याचा, दुसरा राजीनाम्याचा. तारीख फक्त पहिल्यावर घालायची. दुसऱ्यावरची जागा कोरी सोडायची आणि तो कागद चेअरमन सखातात्यांच्या घरी, देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात जाऊन पडायचा. देवाच्या पायाशी सात मास्तरांच्या माना! तात्यांच्या मनात येईल त्या दिवशी पदू कारकुनानं कोऱ्या जागेत तारीख टाकली की झालं, मास्तर आपल्या खुशीनं गेला.

मुनिरा मुकादम हिनंही चार वर्षांपूर्वी तो कागद लिहिला होता. पदूनं शुद्धलेखन घालावं तसा मजकूर सांगितला आणि ती लिहीत गेली. 'आपण मला पुत्राप्रमाणे वागवलेत' हे वाक्य आलं तेव्हा तिचा हात थांबला.

"पुत्राप्रमाणे? पदूभाऊ, मी बाईमाणूस आहे."

"नमुना तोच हाय, बाई. तात्यांनी पास केलेला. त्यात बदल करायचा नाय."

तेव्हा तिला हसू आलं होतं. खोपोलीला घरी जाऊन वडिलांना सांगितलं तर तेही हसले. नवी नोकरी होती, पंचक्रोशीत मुसलमानाची पहिली पोरगी हायस्कुलात गणित शिकवणार होती, एका खुळ्या वाक्याचं काय घेऊन बसायचं?

तात्या वाईट माणूस असता तर गोष्ट सोपी होती. शाळेला जागा त्यांनी दिली, कौलं त्यांनी आपल्या बैलगाड्यांतून आणली. खालापूर तालुक्याच्या त्या कोपऱ्यातली पोरं सातवीच्या पुढं शिकली ती त्यांच्यामुळं, हे कुणी नाकारू नये. पण झाड आपण लावलं म्हणून सावलीत बसणारी माणसंही आपलीच, असं त्यांना अगदी मनापासून वाटायचं. जुलै उजाडला की शाळेच्या कुंपणाला लागून असलेल्या त्यांच्या खाचरांत भाताची आवणी सुरू व्हायची, आणि दरसाल ठाकूरवाडीहून आठवीत येणारी दहा-अकरा पोरं 'श्रमदान' म्हणून बारा दिवस चिखलात उतरून रोपं लावायची. गावातल्या पोरांना श्रमदान नव्हतं. ती वर्गात बसून अपूर्णांक शिकायची. हजेरीपटावर मात्र त्या सगळ्यांपुढं 'ह' पडायचा. 'ह' म्हणजे हजर. कुंपणानंच शेत खाल्लं, आणि वर खाल्ल्याची नोंदही नीट ठेवली.

चारही वर्षं जुलैत मुनिरेनंही तो 'ह' भरला. सगळेच भरतात, मग मीही.

चौथ्या वर्षाच्या एप्रिलात, म्हणजे अठ्ठ्याहत्तर साली, आठवीचा निकाल लागला. वाडीची आवडी गणितात नापास झाली. दुसऱ्या दिवशी तिची आई धोंडूबाई तीन मैल चालत शाळेत आली. तिला वाचता येत नव्हतं. प्रगतिपुस्तक पुढं करून ती म्हणाली, "काय लिवलंय ते सांगा, बाई."

मुनिरेनं वाचलं. "हजेरी पूर्ण. आकलन मंद." अक्षर तिचंच होतं.

"म्हंजी?"

"म्हणजे आवडी रोज शाळेत होती. पण तिला समजायला वेळ लागतो."

धोंडूबाईनं पदर सावरला. तिच्या आवाजात भांडण नव्हतं, आणि तेच फार झोंबलं. "रोज शालंत व्हती व्हय? मंग तात्याच्या खाचरात बारा दिस कोन व्हती वो?"

मुनिरेनं प्रगतिपुस्तक मिटून परत दिलं. धोंडूबाई निघून गेली. त्या उन्हाळ्यात मुनिरेचं जेवण नीट झालं नाही. पोरीचे बारा दिवस आपण चोरले आणि वर तिलाच मठ्ठ ठरवलं, हे तिला राहून राहून आठवायचं आणि लाज वाटायची. आवडी पुन्हा आठवीलाच बसली. पुन्हा नापास झाली तर नाव काढतील, असा त्या शाळेचा नियम होता.

जुलैच्या अकरा तारखेला मुनिरेनं आठवीची हजेरी घेतली. मागचे दोन लांब बाक रिकामे. खिडकीतून खाचर दिसत होतं. इरली पांघरलेली अकरा पोरं ओणवी होऊन रोपं लावत होती, आणि बांधावर तात्यांची छत्री उभी होती. तिनं अकरा नावांपुढं स्वच्छ अक्षरात 'गै' लिहिलं, गैरहजर. मग शेऱ्याच्या रकान्यात, जिथं एरवी 'आजारी' किंवा 'गावी' असं लिहितात, तिथं लिहिलं: 'चेअरमनसाहेबांच्या शेतावर आवणीस नेले.' दुसऱ्या दिवशीही तेच लिहिलं. तिसऱ्या दिवशी पदूनं हजेरीपट पाहिला आणि तो तसाच मुख्याध्यापकांकडं धावला.

मुख्याध्यापक टिपणीस सरांनी तिला खोलीत बोलावलं. या शाळेत अठरा वर्षांची नोकरी, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, आवाज कायम स्वतःचीच चौकशी चालू असल्यासारखा हळू.

"मुनिराबाई, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? तेवढं पान बदला."

"सर, आवडीच्या प्रगतिपुस्तकावर 'आकलन मंद' मी लिहिलं. खाली सही कुणाची आहे?"

सरांनी हजेरीपट मिटला. सही त्यांचीच होती.

दुपारी खुद्द तात्या आले. हजेरीपट उघडून त्यांनी शेरा बोटानं दाखवला. "बाई, ह्या पानावर दुसरं पान चिकटवा. आन नीट लिवा."

"नीटच लिहिलंय, तात्या. त्यातलं खोटं काय ते दाखवा, खोडते."

"चिखलात हात घातल्यानं कोन मेलंय? ह्याच हातांनी मी शाळा उभी केली. शाळा कुनाची हाय?"

"भिंती तुमच्या आहेत. पोरं तुमची नाहीत."

असं त्यांना आजवर कुणी बोललं नव्हतं. तात्यांचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. "पदू," ते म्हणाले, "बाईंचा कागुद घरून आन." अर्ध्या तासात कागद आला, पदूनं कोऱ्या जागेत तेरा जुलै लिहिलं आणि तात्यांनी त्याखाली 'मंजूर' लिहिलं. मुनिरा मुकादम घरगुती अडचणीमुळं स्वखुशीनं नोकरी सोडून गेली. ती समोरच उभी होती, एवढीच काय ती अडचण.

खोपोलीच्या बाजारात तिचे वडील मोहियुद्दीन यांचं शिलाईचं दुकान होतं. सगळं ऐकून त्यांनी मशीन थांबवलं. ते घाबरले आहेत हे मुनिरेला दिसलं. घर दोघांच्या कमाईवर चालत होतं. मग त्यांनी मापांची वही उघडली.

"सखातात्याचे शर्ट मीच शिवतो. त्याच्या गळ्याचं माप हाय माझ्याकडं. आवाज जेवढा हाय तेवढा गळा नाय त्याचा. तू अलिबागला लिव."

तिनं जिल्ह्याच्या शिक्षण खात्याला अलिबागला अर्ज लिहिला. आणि सोमवारी सकाळच्या एसटीनं शाळेत गेली.

वर्गावर दुसरे सर बसवले होते. ती पडवीत उभी राहिली. पावसाची झड येत होती, साडीचा काठ भिजत होता. पदूनं येऊन सांगितलं, "बाई, तुमचा राजीनामा मंजूर झालाय."

"मी दिलेला नाही. म्हणून मी कामावर आहे. खुर्ची दिलीत तर बसेन, नाहीतर उभी राहीन."

आठ दिवस ती उभी राहिली. मधल्या सुट्टीत गावची पोरं येऊन तिच्याकडून गणितं सोडवून घ्यायची. शाळा सुटायच्या वेळी खाचरातून आवडी आणि वाडीची पोरं चिखलाच्या पायांनी यायची आणि तीही पडवीत बसायची. बाकीचे मास्तर खाली मान घालून जायचे. त्यांना भित्रे म्हणणं सोपं आहे. त्यांचेही कागद त्याच कप्प्यात होते. पण नवव्या दिवशी चित्रकलेच्या मास्तरांनी आपली खुर्ची आणून पडवीत ठेवली.

त्याच दुपारी अलिबागचे अधिकारी आले. बारीक, चष्मेवाले, पायजम्यावर चिखल उडालेला. मुख्याध्यापकांच्या खोलीत ते बसले. समोर तात्या, दाराशी पदू, भिंतीला लागून सगळे मास्तर आणि मुनिरा.

तात्यांनी कागद पुढं केला. "बाईंनी आपल्या मर्जीनं दिलाय. आता मागं फिरतायत. शाळंला बट्टा लावायचा धंदा हाय हा, दुसरं काय नाय."

अधिकाऱ्यांनी कागद उघडला आणि मोठ्यानं वाचायला लागले. "'मा. चेअरमनसाहेब, घरगुती अडचण व प्रकृतीची कुरबुर यामुळे...' काय कुरबुर होती, बाई?"

"काही नाही, साहेब."

ते पुढं वाचत गेले. "'...आपण मला पुत्राप्रमाणे...'" ते थांबले. चष्मा वर करून त्यांनी मुनिरेकडं पाहिलं, मग कागदाकडं. "पुत्राप्रमाणे?"

आणि मग खिडकीपाशी उभ्या असलेल्या टिपणीस सरांनी डोळे मिटले आणि हळू, पाढा म्हणावा तसं म्हटलं,

"'...वागवलेत, त्याबद्दल मी आपला जन्माचा ऋणी आहे.'"

तात्यांची मान झटकन वळली. "सर!"

पण सर थांबले नाहीत. अठरा वर्षं पोटात ठेवलेलं एकदा बाहेर पडायला लागलं की ते मधेच कसं थांबणार? "'सदर राजीनामा मी कोणाच्याही दडपणाखाली न येता...'"

"'...पूर्ण विचाराअंती व स्वखुशीने देत आहे,'" चित्रकलेचे मास्तर म्हणाले.

"'तरी तो मंजूर होण्यास विनंती आहे,'" हिंदीचे सर म्हणाले, आणि मग सगळेच म्हणायला लागले. सात जणांचा एक सूर लागला. मुनिराही त्यात होती. शेवटच्या 'आपला आज्ञाधारक' या शब्दांवर तर सगळ्यांनी मिळून असा जोर दिला की शेजारच्या वर्गातली पोरं गप्प झाली. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, आणि तिनं दोन्ही लपवलं नाही.

अधिकारी हातातल्या कागदावर बोट फिरवत शब्द न् शब्द पडताळत होते. एकही चुकला नव्हता.

"आणखी किती आहेत असे?" त्यांनी विचारलं.

"नाय हो साहेब, असं कायबी..." तात्यांनी सुरुवात केली.

"सहा हायत," पदू दारातून म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. "मीच लिवून घेतलेत, साहेब. मी आनतो."

सहा कागद लाल फडक्यात आले, कडांना हळदीकुंकू लागलेले. सगळ्यांत जुना टिपणीस सरांचा, पिवळा पडलेला. अधिकाऱ्यांनी मुनिरेचा कागद आपल्या फायलीत घातला आणि बाकीचे ज्याचे त्याला दिले. मग हजेरीपट मागवून तिचा शेरा दोनदा वाचला आणि शाळेच्या भेटीच्या वहीत दीड पान लिहिलं. राजीनामा ग्राह्य धरू नये. बाई कामावरच आहेत असं समजावं. मुलांना शेतावर नेल्याचं पुन्हा कळलं तर शाळेच्या मान्यतेचा विचार करावा लागेल. तात्यांनी 'बरं साहेब' एवढंच पुटपुटून सही केली. मुनिरेच्या वडिलांनी घेतलेलं माप बरोबर होतं.

अधिकारी गेल्यावर तात्या तिथंच बसून राहिले. "औंदा पावसानं आवणी लांबली. अजून दोन खाचरं ऱ्हायलीत, बाई," ते म्हणाले. "रोप पिवळं पडाया लागलंय." एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडून ते केविलवाणं वाटलं.

"मजूर लावा, तात्या," मुनिरा म्हणाली. "वाडीत मोठी माणसं आहेत. मजुरी दिलीत तर येतील."

दुसऱ्या दिवशी तिनं आठवीची हजेरी घेतली. खिडकीबाहेर खाचर मोकळं पडलं होतं आणि मागचे दोन्ही बाक भरलेले होते. अकराही नावं तिनं सावकाश घेतली.

"आवडी?"

"हजर हाय, बाई!" पोरगी एवढ्या मोठ्यानं म्हणाली की पडवीतून जाणारे टिपणीस सर थांबले.

तिनं फळ्यावर भागाकाराचं गणित घातलं. गेल्या वर्षीच्या परीक्षेतलं, आवडीचं चुकलेलं. वाडीच्या पोरांकडं कच्च्या कामाला कागद नव्हता. सर आत आले, त्यांनी खिशातून घडी घातलेला पिवळा कागद काढला आणि आवडीपुढं ठेवला.

"मागची बाजू कोरी आहे," ते म्हणाले. "अठरा वर्षं वाया गेली तिची."

आवडीनं कागद पालथा केला, पेन्सिल ओली केली आणि खाली वाकून आकडे मांडायला लागली. सर आणि मुनिरा दोघंही तिच्या बाकापाशी उभे राहिले. एकदा ती अडली. मुनिरेच्या ओठांवर उत्तर आलं होतं, पण तिनं सांगितलं नाही. पोरीनं बोटं मोजली, एक आकडा खोडला, दुसरा लिहिला आणि बाकी शून्य काढून कागद बाईंपुढं धरला.

गणित बरोबर होतं.