पंधरवड्याचे चौदा डबे

मित्रांनो, कॅनडात टोरांटोच्या नॉर्थ यॉर्क भागातल्या एका घराच्या बेसमेंटात, वॉशिंग मशीनला खेटून उभा असलेला मी एक जुना डीप फ्रीझर आहे. पेटीसारखा आडवा, पांढरा, वर झाकण. वरच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजचा थाट काही माझ्या नशिबी नाही. त्याच्या दारावर लोक फोटो लावतात, माझ्या डोक्यावर मोज्यांचे ढीग ठेवतात. त्याचं मला दुःख नाही. दुःख एकाच गोष्टीचं आहे, आणि तीच सांगायची आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रे वाकवणाऱ्या यंत्राचा धडधडाट सोडला तर तिथलं काही आठवत नाही. दोन हजार पाचच्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी, बॉक्सिंग डेच्या सेलमध्ये उल्हासरावांनी मला विकत घेतलं. बेसमेंटच्या जिन्यात मी असा अडकलो, की शेजाऱ्याला बोलावून आणावं लागलं. शेवटी मी जागेवर बसलो तेव्हा मृणालिनीबाईंनी माझ्यावर हळदकुंकू वाहिलं. सात वर्षांच्या ऋचाने आत डोकावून विचारलं, "कॅन आय फिट इन देअर?" आणि आईचा धपाटा खाल्ला.

पुण्याहून आलेलं हे तीन माणसांचं कुटुंब. माझ्यात सेलमधले मटार असायचे, खवलेलं खोबरं असायचं, फणसाचे गरे असायचे. गणपतीत महाराष्ट्र मंडळासाठी दोनशे मोदक मी एकट्याने सांभाळायचो. "मृणालिनी, तुझा फ्रीझर म्हणजे अक्षयपात्र आहे," असं मंडळातल्या मंदाकिनीकाकू म्हणाल्या, ते मी माझ्या कानांनी ऐकलं. दोन हजार तेराच्या आइस स्टॉर्ममध्ये, बर्फाच्या वादळात, तीन दिवस वीज गेली आणि माझ्यातलं सगळं अंगणातल्या बर्फात पुरावं लागलं, तेवढा एकच माझा अपमान. एरवी मी तोऱ्यातच होतो.

मग दोन हजार सोळा उजाडलं. ऋचाला दीडेक तासावरच्या वॉटर्लू विद्यापीठात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. घरात आधी पेढे वाटले गेले आणि लगेच कात्री बाहेर निघाली. केबल गेली. पुण्याची ट्रिप पुढच्या वर्षावर गेली. जुन्या विंटर टायर्सना आणखी एक हिवाळा काढायला सांगण्यात आलं. उल्हासरावांनी तर ऑफिसखालची रोजची कॉफीसुद्धा बंद केली आणि थर्मास न्यायला लागले. कोणी तक्रार केली नाही. मुलीसाठी खुशीने चाललेली काटकसर होती ती.

ऑगस्टमधल्या एका दुपारी मृणालिनीबाई इथे कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"उल्हास, तिथल्या कॅफेटेरियातल्या जेवणाचा मील प्लॅन वर्षाला साडेचार हजार डॉलरचा आहे," त्या म्हणाल्या. "तिच्या हॉस्टेलला किचन आहे, म्हणजे तो ऑप्शनल आहे. कशाला घ्यायचा?"

"अगं, पण सगळी मुलं खाली कॅफेटेरियात जेवतात म्हणे."

"जेवू देत. आपला फ्रीझर काय शोभेला आहे? दर पंधरा दिवसांनी चौदा डबे देईन. घरचं खाईल आणि पैसेही वाचतील." आणि त्यांनी माझ्या झाकणावर थाप मारली. मित्रांनो, लपवत नाही, मी हरखून गेलो.

ऋचा जिन्यात उभी होती. आईने विचारलं, "चालेल ना गं तुला?"

ऋचाने बाबांकडे पाहिलं. "या, शुअर," ती म्हणाली. "आय लव्ह युअर फूड."

त्यानंतर मृणालिनीबाईंचे शनिवार शेगडीपाशी जायला लागले. मटकीची उसळ, राजमा, आमटी, कागद घालून रचलेल्या पोळ्या. दह्याचे रिकामे डबे भरायचे, चिकटपट्टीवर पदार्थ आणि तारीख लिहायची आणि माझ्या हवाली करायचे. दर दुसऱ्या शुक्रवारी ऋचा मळक्या कपड्यांची बॅग घेऊन बसने घरी यायची, रविवारी डबे घेऊन परत जायची. "माझी मुलगी बाहेरचा घास खात नाही," असं मृणालिनीबाई फोनवर सगळ्यांना सांगत. त्यांच्या आवाजातला अभिमान मला जिन्याखालीही ऐकू यायचा, आणि त्यातला निम्मा माझाच आहे असं मी धरून चालायचो.

ऑक्टोबरमध्ये एका शुक्रवारी ऋचा बाजूच्या दाराने थेट खाली आली. कपडे मशीनमध्ये टाकले, मग बॅगेतून तीन डबे काढले. भरलेले. माझं झाकण उघडून तिने मटार बाजूला केले, फणसाचे गरे बाजूला केले आणि ते डबे अगदी तळाशी सरकवले.

मशीन चालू असताना ती ईशिताशी, तिच्या शाळेतल्या मैत्रिणीशी, फोनवर बोलत होती. इंग्रजीत, पण मी इतकी वर्षं कॅनडात काढली, मला समजतं. तिच्या मजल्यावरच्या सगळ्या मुली सहा वाजता मिळून खाली जेवायला जातात. तासभर बसतात. तिथेच गृहपाठ, तिथेच थट्टा, तिथेच मैत्री. सुरुवातीला ही गोठलेला डबा वितळवून, गरम करून खाली न्यायची, पण तोवर त्यांची उठायची वेळ झालेली असायची. मग हिने जाणंच सोडलं. बऱ्याचदा खोलीत नुसता ब्रेड खायचा आणि दार लावून अभ्यास करायचा. एकटीसाठी उसळ गरम करावीशी वाटत नाही, असं ती म्हणाली.

"आय कान्ट टेल मॉम. शी कुक्स ऑल सॅटर्डे," ऋचा म्हणाली आणि तिने नाक पुसलं.

त्या दिवसापासून दर वेळी दोन-तीन डबे परत यायला लागले. दह्याचे डबे कोण मोजतो? वर कुणाला पत्ता नव्हता. पत्ता होता तो मला. आणि मी काय केलं? आणखी जोर लावून ते डबे गोठवले. माझ्या घरच्यांचं अन्न आहे, ते वाया जाता कामा नये, एवढंच मला कळत होतं.

फेब्रुवारीत ती खाली आली तेव्हा फोनवर रडली. दुसऱ्या वर्षी मुलं चार-पाच जणांचा गट करून बाहेर घर भाड्याने घेतात. मजल्यावरच्या सगळ्यांचे गट ठरले होते. हिला कोणी विचारलं नव्हतं. "दे आर नॉट मीन," ती ईशिताला सांगत होती. "दे जस्ट डोन्ट रिअली नो मी."

एप्रिलच्या शेवटी परीक्षा संपवून ऋचा घरी आली. त्याच आठवड्यात मृणालिनीबाईंनी माझा बर्फ काढायला घेतला. मटार काढले, गरे काढले, आणि त्यांना आपलंच अक्षर दिसलं. मटकीची उसळ, आठ ऑक्टोबर. मग राजमा, मग आमटी. एकेक डबा काढून त्या फरशीवर मांडत गेल्या. एकतीस भरले. ऋचा मशीनमध्ये कपडे टाकायचे सोडून बघत उभी होती.

"खराब लागत होतं का गं?" मृणालिनीबाईंनी विचारलं. आधी हेच विचारलं.

"नो, आई. इट वॉज गुड. एव्हरीवन ईट्स डाउनस्टेअर्स. आय वॉज ऑल्वेज अलोन."

"मग सांगायचं नाहीस का? भरले असते साडेचार हजार. कुठूनही भरले असते."

एरवी इंग्रजीत बोलणारी ऋचा मराठीत म्हणाली, "बाबांनी कॉफी बंद केली होती."

बोलणं ऐकून उल्हासराव खाली आले होते. त्यांनी डब्यांकडे पाहिलं. "पुढच्या वर्षी प्लॅन घे. मी उद्याच बघतो."

"पुढच्या वर्षी सगळे आपापल्या घरात राहणार, बाबा," ऋचा म्हणाली. "मी एक खोली बघितली आहे. सिंगल."

मृणालिनीबाई खालच्या पायरीवर बसल्या आणि लेकीला जवळ ओढून रडल्या. साडेचार हजार त्यांनी वाचवले होते, ते बँकेत होतेही. पण ते भरून पहिलं वर्ष परत मिळणार नव्हतं.

ऋचा आता त्या सिंगल खोलीत राहते. आई-बाबा दर महिन्याला तिच्या खात्यात थोडे पैसे टाकतात आणि बजावतात, कुणाबरोबर तरी जेव. कधी जमतं, कधी नाही. वर दोघांपुरता स्वयंपाक होतो. मी पाव भरलेला असतो आणि मला काढून टाकायच्या गोष्टी अधूनमधून चालतात.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा, हे तर मी सांगणारच. पण तुमच्या घरी कधी पैशांची ओढाताण असली, तर आपल्याला काय टोचतंय ते त्याच दिवशी बोला. आई-बाबांवरच्या मायेपोटी गप्प बसू नका. आणि ते डब्यात घालून माझ्यासारख्याकडे तर मुळीच देऊ नका. त्या एकतीस डब्यांतला एकही मी नासू दिला नाही. पहिलाच नासला असता, तर ऑक्टोबरातच वर वास गेला असता.