गाण्यातली एकटी म्हातारी

हातिबू शेकिओंडो गाण्याच्या तालमीहून घरी आला तेव्हा पेटी उघडी होती आणि पलंगावर एकच कांगा घडी करून ठेवला होता. लाल काठाचा, काजूच्या नक्षीचा. जोडीतला दुसरा नव्हता. किनाऱ्यावरच्या तांगा शहरात बाईचे कांगे जोडीनंच नेसले जातात, एक कमरेला, एक डोक्याखांद्यावरून. जोडी फोडून कुणी घराबाहेर पडत नाही. तो नळावर गेला. तिथल्या बायकांनी सांगितलं की त्याची बायको म्वानाकोम्बो पांगानीच्या बसमध्ये बसली, बहिणीकडे गेली.

"गाणं मात्र झकास झालंय हं," त्यांतली एक म्हणाली. बाकीच्या बादल्यांत तोंड घालून हसल्या.

उकाड्यामुळे हॉलची दारं सताड उघडी होती, त्यामुळे तालीम सगळ्या गल्लीनं ऐकली होती. हातिबू हा 'म्कोंगे जाझ' नावाच्या बँडचा म्होरक्या. नाचाची गाणी त्यानं पुष्कळ केली, पण हे मनापासून केलेलं पहिलंच. लग्नानंतर सगळा जन्म जिच्यासोबत गेला तिच्यावर, दोघांच्या म्हातारपणावर. पुढच्या शनिवारी रेडिओवाल्यांची गाडी राजधानीहून येणार होती आणि हेच गाणं आधी ध्वनिमुद्रित होणार होतं.

"दादा," त्याचा गिटारवाला सेफू म्हणाला, "जन्मभर साथ देईन म्हणून गाताय, आणि वहिनी पांगानीला. अख्खा किनारा ऐकेल आणि अख्खी गल्ली हसेल. आधी त्यांना आणा."

दुसऱ्या दिवशी हातिबूनं तो उरलेला कांगा कागदात गुंडाळला आणि पांगानीची बस धरली.

मेहुणी, ताटू, दारातच होती. "या दाजी. समजूत घालायला वडीलधारी माणसं घेऊन आलात की नुसतंच गाणं?"

"पाणी तरी दे आधी."

मागच्या अंगणात म्वानाकोम्बो खवणीवर बसून नारळ खवत होती. तिनं मान वर केली नाही. हातिबू चटईवर टेकला.

"झेनाची आई, म्हातारी म्हटलं म्हणून एवढा राग?"

"गाणं म्हणा."

"इथं?"

"नळावर ऐकलं ते अर्धंमुर्धं. सगळं म्हणा."

त्यानं टोपी सारखी केली आणि हलक्या आवाजात म्हटलं. तुझे केस पांढरे झाले, तरी मी तुला सोडणार नाही. तुझा दात पडला, तरी मी तुला सोडणार नाही. तुझे गुडघे कुरकुरतात, तरी मी तुला सोडणार नाही. चाल इतकी गोड होती की ताटू चुलीपाशी मान डोलवायला लागली.

म्वानाकोम्बोनं नारळाची कवड खाली ठेवली. "आणि तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्ही कधी म्हातारे होता या गाण्यात? मी पहिल्या कडव्यात झाले, दुसऱ्यात झाले, तिसऱ्यात तर मला उठवेना. तुम्ही आपले तस्सेच, गिटार घेऊन उभे. सोडणार नाही म्हणे. म्हाताऱ्या शेळीला विकणार नाही म्हणावं, तसं."

हातिबू चटईची सुटलेली काडी आत खोचायला लागला.

"मला नातवंडं आहेत, झेनाचे बाबा. म्हातारी म्हटल्याचं मला काही नाही. पण एकटीला म्हातारी केलंत." मग ती पहिल्यांदा त्याच्याकडे वळली. "तुमच्या केसांना काळं कोण लावतं?"

ताटूनं पदराआड खोकल्यासारखं केलं. हातिबूचा हात आपसूक टोपीकडे गेला.

"स्टेजवर उभं राहायचं असतं मला. लोक काय म्हणतील?"

"मला काय म्हणतात ते नळावर ऐकलंत ना."

त्यानं कागदाचं पुडकं पुढं सरकवलं. "हा विसरलीस."

"विसरले नाही. ठेवून आले. न्या परत. गाणं मी इथं रेडिओवर ऐकीन. मग बघू."

परतीच्या बसमध्ये पुडकं मांडीवर घेऊन बसलेला हातिबू मनात एकच हिशेब करत होता. ती तिकडे तो एकच कांगा नेसणार, धुणार, उन्हात घालणार. तिच्याकडचा विटत जाणार आणि पेटीतला कोरा राहणार. मग जोडी कितीही शेजारी ठेवा, जोडी दिसायची नाही. घरी आल्यावर त्यानं तो पेटीत ठेवला नाही. बादली घेऊन नळावर गेला. बायका बाजूला झाल्या आणि बघत राहिल्या. वय झालेला बाप्या कांगा धुतोय. त्यानं धुतला, पिळला, उन्हात घातला. दोन दिवसांनी पुन्हा धुतला.

धुता धुताच त्याला कडवं सुचलं.

शनिवारी तो हॉलमध्ये शिरला तेव्हा सगळा बँड गप्प झाला. टोपी नव्हती. न्हाव्यानं काळं होतं तेवढं कापून टाकलं होतं, आणि खाली उरलेले बारीक केस मिठासारखे पांढरे होते.

सेफूनं तारा जुळवत विचारलं, "बाबा, आपला हातिबू कुठाय? तुम्ही त्याचे वडील ना?"

"वाजव मुकाट्यानं."

रेडिओवाल्यांकडे दोनच मायक्रोफोन होते. गाणं एका दमात व्हायला हवं होतं. हातिबू गायला. तुझे केस पांढरे झाले, माझेही झाले, माझे मात्र डबीतल्या रंगाखाली लपून बसले. तुझा दात पडला, आणि माझे कान गेले, तू काय म्हणतेस ते मला दोनदा विचारावं लागतं. गुडघे माझेही कुरकुरतात. आपण दोन कापडं एका बादलीत धुतलेली, एका उन्हात वाळलेली. कोण जास्त विटलं ते आता कोण सांगणार?

डबीतल्या रंगावर सेफूला हसू आवरलं नाही. खुसखुस सरळ मायक्रोफोनमध्ये गेली. पण हातिबू थांबला नाही. शेवटच्या तारेनंतर त्यानं रेडिओच्या माणसाकडे बघितलं.

"पुन्हा करायचं?"

"कशाला? आमच्या घरीही एक डबी आहे," तो माणूस म्हणाला.

आजही ते गाणं लागलं की ती खुसखुस ऐकू येते, आणि लग्नघरी माणसं तिची वाट बघतात.

गाणं लागायला महिना गेला. एका दुपारी ते लागलं, तेव्हा सगळी गल्ली हातिबूच्या ओट्यावर होती. गाणं संपल्यावर सगळ्यांनी त्याचा हात हातात घेतला. तो मात्र रस्त्याकडे बघत होता. त्या दिवशी कुणी आलं नाही.

दुसऱ्या सकाळी पांगानीची बस थांबली. म्वानाकोम्बो टोपली डोक्यावर घेऊन आली, ओट्यावर टेकली आणि पाय चोळायला लागली. हातिबूचा जीव भांड्यात पडला.

"गुडघे माझे होते," ती म्हणाली. "तेही स्वतःला घेतलेत."

"दुखतात गं खरंच."

"माहितीये मला. तेल कोण लावतं?"

ती दोरीपाशी गेली. तिथं वाळत घातलेला कांगा तिनं हातात घेतला, खांद्यावरचा काढला आणि दोन्ही उजेडात शेजारी धरले. लाल काठ सारखेच फिकटले होते. नळावरच्या बायका पाणी भरायचं विसरल्या होत्या. तिनं काठ उलटून बघितला.

"इतका पिळतात होय? शिवण उसवली की."

आणि तिनं दोन्ही कांगे एकाच बादलीत टाकले.